विकतचा घाम

मुळशी तालुक्यातील रिहे या गावी आमचे लहानसे घर आहे, आणि महाविद्यालयास सुटी लागली की आम्ही तेथे मुक्कामास असतो. गेल्या वैशाखात एका सकाळी तेथून निघून आम्ही पुण्याच्या एका उपनगरातील ‘हॉट योगा’च्या वर्गात दाखल झालो. मोटारीत गारव्याचे यंत्र चालू होते, इमारतीच्या जिन्यातही गारवा होता, आणि शेवटचे दार उघडताच आम्ही विजेने तापविलेल्या खोलीत शिरलो. बाहेर वैशाखाचे ऊन विनामूल्य पडले होते! पुतणीचा आग्रह होता, आणि न पाहता टीका करणे आमच्या पेशास शोभत नाही, म्हणून तीन दिवस आम्ही हा प्रयोग केला. त्यावरून बनलेले आमचे मत येथे स्पष्ट सांगतो. हा प्रकार योग नव्हे. आणि ज्या सुशिक्षित कुटुंबांत तो शिरू पाहत आहे, त्यांनी त्यास वेळीच अटकाव करावा.

ज्या पद्धतीपासून हे वर्ग निघाले तिचे प्रवर्तक बिक्रम चौधरी हे १९४४ साली कलकत्त्यात जन्मलेले गृहस्थ. सव्वीस आसने व दोन श्वसनप्रकार, ठरलेल्या क्रमाने, नव्वद मिनिटांत, सुमारे चाळीस अंश सेल्सिअस तापमानाच्या दमट खोलीत करावयाचे, असा तिचा साचा आहे. १९७० नंतर अमेरिकेत तिचा बोलबाला झाला. थंड देशात बंगालचा उकाडा निर्माण करावा, ही युक्ती एक वेळ समजण्याजोगी आहे. पण तोच उकाडा परदेशचा शिक्का घेऊन आमच्याकडे परत यावा आणि आम्ही तो भर उन्हाळ्यात पैसे देऊन घ्यावा, यास काय म्हणावे? या आसनक्रमावर आपले ग्रंथस्वामित्व आहे, असाही चौधरींचा दावा होता. हा क्रम म्हणजे एक पद्धती आहे, तिच्यावर असे स्वामित्व सांगता येत नाही, असा निकाल अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ साली दिला. पतंजलीच्या घरची ठेव कोणा एकाची मिळकत नव्हे, हे ठरविण्यास परक्या न्यायासनाची गरज पडली!

या वर्गांचे चालक प्राचीन परंपरेची द्वाही फिरवितात. तेव्हा त्या परंपरेलाच आपण साक्षीस बोलावू. योग्याच्या कुटीपासून धनुष्यभर अंतरात दगड, अग्नी व पाणी नसावे, असे हठप्रदीपिका सांगते. अभ्यासाच्या आरंभी अग्निसेवन वर्ज्य करावे, असेही तीच सांगते. योगाचा आरंभ वसंतात किंवा शरदात करावा, ग्रीष्मात करू नये, हे घेरंडसंहितेचे म्हणणे. वैशाख पंचांगाप्रमाणे वसंतात मोडतो खरा, परंतु त्या खोलीत बाराही महिने ग्रीष्मच आणून ठेविलेला असतो. वाग्भटाने बलवानासही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करण्यास सांगितले, तोही थंडीत व वसंतात. इतर काळी त्याहून सौम्य. पतंजलीचे आसन तर स्थिर आणि सुखाचे. ते साधले म्हणजे शीत व उष्ण ही द्वंद्वे बाधत नाहीत, असे त्याचे फळ सांगितले आहे. ज्या उष्णतेची बाधा सुटावी, तीच येथे साधन होऊन बसली आहे.

प्रतिपक्षी म्हणतील की हठप्रदीपिकेत घामाचाही उल्लेख आहे. आहे खरा, पण तो प्राणायामाच्या श्रमाने आलेला घाम आहे, आणि तो अंगातच चोळून जिरवावा, अशी आज्ञा आहे. भट्टीने काढून टॉवेलने टिपण्याचा तो घाम नव्हे.

दुसरा युक्तिवाद असा की घामावाटे शरीरातील विषे निघून जातात. घाम म्हणजे बहुतांशी पाणी व मीठ. रक्तातील टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट लावण्याचे काम यकृत व मूत्रपिंडे करितात, आणि त्यासाठी ती तापलेल्या खोलीची वाट पाहत नाहीत. तासाभरात जे वजन घटते ते पाण्याचे. तांब्याभर पाणी प्याले की त्यातील बरेचसे परत येते. शिवाय घाम शरीरास थंड करितो तो वाळताना. दमट खोलीत तो वाळत नाही, नुसता गळतो. तेव्हा सतरंजीवर साचलेले ते थारोळे शुद्धीचे चिन्ह नसून, स्वतःस थंड ठेवण्याच्या शरीराच्या फसलेल्या धडपडीचे चिन्ह होय.

उष्णतेने अंग लवचीक होते, हा तिसरा युक्तिवाद. स्नायू सैल पडतात, हे आम्हांस मान्य आहे. पण त्याबरोबर वेदनेची सूचनाही बोथट होते, आणि मनुष्य आपल्या मर्यादेपलीकडे वाकून जातो. तिसऱ्या दिवशी आमच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आम्ही दाराकडे वळलो, तोच शिक्षक म्हणाले, “सर, बाहेर जाऊ नका. हीच तुमची परीक्षा आहे.” आमची पन्नाशी उलटली आहे आणि रोज सकाळी आम्ही रक्तदाबाची गोळी घेतो. प्रवेशपत्रावर पैसे भरण्याचे चार प्रकार विचारले होते. आजार एकही विचारला नव्हता. शरीर थांब म्हणत असता त्याचे ऐकू नये, असे जेथे शिकविले जाते, तेथे योगाचे नाव घेण्याचा अधिकार उरत नाही. आम्ही बाहेर आलो, ते पुन्हा आत गेलो नाही.

न्यायासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या वर्गात तरुण मंडळी पहाटे उठून येत, मोबाइल बाहेर ठेवीत आणि दीड तास एकचित्ताने राहत. हा लाभ थोडा नव्हे. परंतु तो शिस्तीचा लाभ आहे, उष्णतेचा नव्हे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि योगक्रियांचे परिणाम प्रयोगशाळेतील उपकरणांनी तपासले. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले; पुढे त्यांनी पट्टा, लाकडी ठोकळा व खुर्ची यांच्या आधाराने दुबळ्या व आजारी माणसांसही आसने साध्य करून दिली. एकाने मोजमाप दिले, दुसऱ्याने आधार दिला. भट्टीची गरज दोघांसही भासली नाही.

त्या दिवशी रिह्यास परतलो तेव्हा शेजारचे शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजून नुकतेच बांधावर टेकले होते. हकीकत ऐकून ते म्हणाले, “म्हंजी सर, घाम गाळायला पैसं मोजून आलात व्हय?” आम्ही हसलो. परंतु शेतातील श्रम हाच खरा योग, असे म्हणून येथे लेख संपविणे, ही आमच्या वर्गाची आणखी एक लबाडी ठरेल. लावणीत दिवसभर वाकून ज्याची पाठ धरते, त्याचा घाम योग नव्हे; ती त्याची रोजी आहे. योगाची खरी गरज त्याच पाठीस आहे, आणि तिच्यासाठी वर्ग कोणी काढीत नाही. याच मुळशीत १९२१ साली सेनापती बापट व मावळे शेतकरी सत्याग्रहास उभे राहिले. मुंबईस वीज मिळावी म्हणून त्यांच्या भातजमिनी धरणाच्या पाण्याखाली जावयाच्या होत्या, आणि त्या गेल्या. विजेसाठी या खोऱ्याने काय मोजले हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस उन्हाळ्यात खोली तापविण्याकरिता ती जाळताना थोडी तरी लाज वाटावी.

वाचकांस आमचे सांगणे एवढेच. आसने अवश्य करा; मुलांसही शिकवा. सकाळची वेळ, उघडी खिडकी, एक सतरंजी व जाणता शिक्षक एवढे पुरे. आणि महिन्याकाठी या भट्ट्यांत जो पैसा ओतावयाचा, त्यातून आपापल्या गावच्या शाळेत एखादा चांगला योगशिक्षक आठवड्यातून एक दिवस जाईल अशी व्यवस्था करा. त्या वर्गास पोरांबरोबर शेतावरची मोठी माणसेही येऊ द्या. आमची उरलेल्या दिवसांची फी बुडाली, तिचा आम्हांस खेद नाही. येत्या पावसाळ्यानंतर, शरदाच्या आरंभी, आम्ही रिह्यात असा वर्ग सुरू करण्याच्या खटपटीत आहोत. खोली मात्र तापविणार नाही.