जुनी बॅटरी भंगारात देऊ नका



आमच्या सोसायटीत भंगारवाला आला की हल्ली एक वस्तू हमखास त्याच्या पोत्यात जाते: दोन मोठ्या सेलची जुनी, धातूची बॅटरी. का दिली विचारलं तर म्हणतात, "मोबाईलमध्ये आहे की!" नाहीतर, "तिचा उजेड पिवळा, मिणमिणता." पहिलं कारण मला पटत नाही. दुसऱ्यावर शंभर रुपयांच्या आत इलाज आहे.

26 जुलै 2005 चा पाऊस कल्याण-डोंबिवलीतल्या कुणीही विसरलेलं नाही. वीज गेली, फोन लागेनात. 12 ऑक्टोबर 2020 ला तर पाऊसही नव्हता, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी मोबाईलचं चार्जिंग घरच्यांशी बोलायला राखायचं की जिना उतरायला जाळायचं?

आणि तो उजेड तरी कसला! पसरट, पावलापुरता. चातुर्मासात पहाटे मंदिरात जाताना वाटेवर गांडुळं, गोगलगायी, वाणी किती असतात हे तुम्ही बघताच. चार हात जमीन पाहून चालावं, ही ईर्यासमिती. उजाडल्यावरच निघावं हे उत्तम, पण डबा भरून पहाटेची लोकल गाठणाऱ्या सुनेला ते कसं जमणार? तिच्या हातात झोत टाकणारा दिवा हवा.

आता इलाज. जुन्या बल्बमध्ये बारीक तार तापून उजेड देते, म्हणजे सेलमधली बहुतेक शक्ती उष्णतेत जाते. तोच आटा असलेला एलईडी बल्ब इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. जुना बल्ब सोबत न्या आणि सेल किती ते सांगा. दोन सेल म्हणजे 3 व्होल्ट, तीन म्हणजे साडेचार, तेवढ्याचाच घ्या. पेटला नाही तर लगेच परत करू नका, एलईडीला धन-ऋण बाजू लागते, आधी सेल उलटे बसलेत का बघा. "जास्त वॅटचा साधा बल्ब टाका" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सेल लवकर संपतात आणि आतली वाटी प्लास्टिकची असेल तर ती वितळू शकते.

त्याहीआधी फुकटातलं काम करा. तळाची स्प्रिंग, बल्बचं बूड आणि बटणाची पट्टी पॉलिश पेपरने हलकेच घासा. गंज चढला की वीज अडते, आणि आपण सेलला नावं ठेवतो. आतली चकचकीत वाटी मात्र फडक्याने पुसू नका, ओरखडे पडले की झोत फुटतो. खरं सांगायचं तर काही एलईडी बल्बचा उजेड त्या वाटीत नीट पडत नाही, झोत थोडा आखूड येतो. डोकं फिरवून नेम बसवता येत असेल तर बसवा. तरीही पूर्वीपेक्षा पांढरं आणि लख्ख दिसतं.

माझं शिक्षण बी.कॉम., त्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. फुटपाथवर मिळणाऱ्या चार्जिंगच्या प्लास्टिक बॅटऱ्या स्वस्त वाटतात. पण आतला सेल डकवलेला असतो. तो मेला की दुकानदार म्हणतो, "काकू, नवीन घ्या." म्हणजे दर दोन-तीन पावसाळ्यांनी तोच खर्च, आणि घरात मेलेल्या वस्तूंचा ढीग. परिग्रहपरिमाण व्रत घेतलेल्या घरांतही असा खण मी पाहिला आहे! शिवाय 2022 च्या नियमांनुसार बॅटऱ्या कचराभूमीत टाकायला मनाई आहे. असा दिवा ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. जुन्या बॅटरीत निदान सेल सुटा निघतो, वेगळा देता येतो.

सेल मात्र वापर नसेल तेव्हा बाहेर काढून ठेवा. पाझरलेला सेल आतला धातू खातो, मग नवा बल्ब बसवूनही काही दिसत नाही. यंदा पर्युषणाच्या साफसफाईत माळा काढाल तेव्हा आधी ती बॅटरी उघडून बघा.