पॉइंट्स घ्या, पण नादी लागू नका!

आमच्या ऑफिसात सध्या जो तो आपले एअरलाइन पॉइंट्स मोजतोय. परवा एक पठ्ठ्या पुणे-दिल्लीला चक्क १,३०० रुपये जास्त भरून 'आपल्या' एअरलाइननेच गेला. का, तर पॉइंट्स मिळतात! अरे बाबा, पॉइंट्स किती रुपयांचे, ते तरी बघ.

मी वर्षातून दोन-तीनदाच विमानात बसते. तरी मेंबर आहे, कारण मेंबरशिप फुकट असते. कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्यांनी तर नंबर घ्यावाच. तिकीट कंपनीचं, पॉइंट्स मात्र सहसा आपल्या नावावर! पण बुकिंग करताना आधी भाडं आणि वेळ. गोल्ड कार्डाचे लाड सतत उडणाऱ्यांसाठी असतात, आपल्यासाठी नाही. शिवाय 'फुकट' तिकिटावरचे टॅक्स बहुतेकदा आपल्यालाच भरावे लागतात.

आणि साठवत तर मुळीच बसू नका. ही काही एफडी नव्हे. व्याज नाहीच, वर बऱ्याच ठिकाणी मुदत संपते. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची विमानं बंद पडली. जेटप्रिव्हिलेजचं त्याच वर्षी 'इंटरमाइल्स' झालं, माइल्स वाचले. पण ज्या विमानांसाठी जमवले, तीच गायब! नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंट्स महाराजा क्लबात गेले. प्रत्येक वेळी असं नशीब असेलच असं नाही.

युरोपची स्वप्नं राहू देत. माझे पुरेसे जमले की मी आईचं नागपूर-मुंबई तिकीट काढून मोकळी होते.