माशांची दगडी चाळ

फिश टँक म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते संथ फिरणारे गोल्डफिश, प्लास्टिकचं हिरवं झाड आणि बुडबुडे सोडणारा पाणबुड्या. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड घरी आणले की या चित्रातलं फारसं काही शिल्लक राहत नाही. झाड उपटलं जातं, पाणबुड्या आडवा होतो आणि पिवळे, निळे, नारिंगी असे चार-पाच इंची मासे दिवसभर एकमेकांच्या पाठी लागलेले दिसतात. हैदराबादेतल्या आपल्या मंडळींच्या मुलांना सध्या याच माशांचं वेड लागलंय. म्हणून या वेळी बाग आणि स्वयंपाकघर बाजूला ठेवून दगडांबद्दल लिहिते. हो, दगडांबद्दलच. या माशांची भांडणं किती विकोपाला जाणार, हे पुष्कळसं टाकीत दगड कसे रचलेत यावर ठरतं.

सिक्लिडांचं कुळ मोठं आहे. केरळात केळीच्या पानात भाजून वाढतात तो करीमीन सिक्लिडच, आणि बाजारात मिळणारा तिलापियाही. आपल्याला हवेत ते मलावीचे ‘म्बुना’, म्हणजे खडकांत राहणारे. मलावी हे क्षेत्रफळाने आफ्रिकेतलं तिसरं मोठं सरोवर. लांबी साडेपाचशे किलोमीटरांहून जास्त, सगळ्यांत खोल जागी खोली सुमारे ७०० मीटर. त्याच्या काठाला कुठे नुसती वाळू, तर कुठे मोठमोठे धोंडे एकमेकांवर कलंडून पाण्यात उतरत गेलेले. गोवळकोंड्याच्या आसपास जे धोंडे अजून शाबूत आहेत, ते पाण्याखाली गेलेत अशी कल्पना करा, म्हणजे साधारण चित्र येईल. म्बुना या धोंड्यांवर वाढणारं शेवाळ खरवडून खातात आणि मधला वाळूचा पट्टा सहसा ओलांडत नाहीत. म्हणूनच एकाच जातीचा मासा एका खडकाळ बेटापाशी एका रंगाचा, तर पलीकडच्या बेटापाशी वेगळ्याच रंगाचा सापडतो.

नर एक दगड आणि त्याखालची कपार आपली मानतो. तेच त्याचं घर, तेच शेत, लग्नाचा मांडवही तोच. तिथे दुसरा नर फिरकला की हाणामारी. पण सरोवरात हरलेला मासा पाच-दहा हात लांब पळतो आणि प्रकरण तिथेच मिटतं. टाकीत दोन वितींवर काच आडवी येते. पळणाऱ्याला जायला जागा नाही, मारणारा थांबत नाही.

ताईचा मुलगा नववीत आहे, कुकटपल्लीला राहतो. त्याच्या चार फुटी टाकीत पंधरा मासे होते आणि दगड चार, मागच्या काचेला लागून ओळीत मांडलेले. दिसायला छान, पण दिवाणखान्यात फुलदाण्या मांडाव्यात तसे. त्या पंधरांत केन्यी जातीचा एक नर होता. या जातीत निळ्या पट्ट्यांची ती मादी आणि हळदीसारखा पिवळा तो नर. या पिवळ्या दादाने दहा दिवसांत अख्खी टाकी आपल्या नावावर करून घेतली. दोन मासे मेले. एक मादी वरच्या कोपऱ्यात हीटरच्या आड उभी असायची, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. तिचा गळा फुगलेला होता, म्हणजे तोंडात अंडी होती. म्बुना माद्या अंडी आणि पिल्लं साधारण तीन आठवडे तोंडातच सांभाळतात आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहतात. भाऊजी वैतागले होते. “घरात रोज मारामारी बघायला नको, सगळे दुकानात परत दे,” म्हणाले. पोरगा मला हळूच म्हणाला, “मावशी, तू बाबांना सांग ना, एक रविवार थांबायला.”

दुकानदाराने त्याला आपल्या हैदराबादी थाटात सल्ला दिलाच होता, “पत्थर कम हैं भाई, और डालो.” सल्ला बरोबर होता, पण नुसते दगड वाढवून भागत नाही. मार खाणाऱ्या माशाला अंतर देणं आपल्या हातात नसतं. आडोसा देणं असतं. पाठलाग करणाऱ्याला समोरचा दिसेनासा झाला की त्याचा जोर बऱ्याचदा ओसरतो. म्हणून टाकीच्या एका टोकाकडून पाहिलं तर दुसरं टोक दिसता कामा नये. ही एवढी गोष्ट साधली की बाकीची रचना तुमच्या आवडीची.

दगड आम्हाला फुकट मिळाले. शेजारच्या बांधकामावर फोडलेला ग्रॅनाइट पडला होता, वॉचमनला विचारून आणला. धारदार कडा घासून बोथट केल्या, कारण हे मासे दगडाला अंग घासतात. तांडूरच्या फरशीचे दोन तुकडे घेतले आणि ताईच्या जुन्या ओट्याचा कडप्पाही कामी आला. तांडूर, शहाबाद, कडप्पा या सगळ्या चुनखडीच्या जाती. ओरखडा काढून व्हिनेगर टाकलं तर बुडबुडे येतात. मऊ पाण्यातल्या माशांसाठी असे दगड टाळतात, पण मलावीचं पाणी मुळातच क्षारांचं, पीएच साधारण पावणेआठ ते साडेआठ. तेव्हा आपल्याला चालतात. ज्यात धातूसारख्या चकाकणाऱ्या किंवा गंजलेल्या रेघा दिसतात, तो दगड मात्र नको. दगड ब्रशने खसखसून धुवा, साबण अजिबात नको, आणि उकळायच्या फंदात पडू नका. आत ओल असली तर तडकतो.

भाऊजींचा पुढचा प्रश्न वजनाचा, आणि तो रास्त होता. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे २५५ लिटर पाणी मावतं. आम्ही ४० किलो दगड घातले. तेवढा ग्रॅनाइट साधारण १५ लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे खरी वाढ २५ किलोंची. स्टँड दणकट असेल आणि टाकी भिंतीलगत असेल तर एवढ्याने घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते दगड घसरण्याला.

इथे एक नियम मोडायचा नाही: आधी दगड, मग वाळू. सिक्लिड खणतात. रात्रभरात तोंडाने वाळू उचलून खड्डा करतात. दगड वाळूवर ठेवलेला असला तर खालचा आधार जातो, तो कोसळतो आणि मासा चिरडतो किंवा काच फुटते. आम्ही मासे टाकीच्याच पाण्याने भरलेल्या झाकणाच्या बादल्यांत ठेवले, एअर पंप लावला आणि टाकी रिकामी केली. तळाच्या काचेवर प्लास्टिकची जाळी अंथरली, तिच्यावर सर्वांत मोठे दगड बसवले. प्रत्येक दगड निदान तीन ठिकाणी टेकला पाहिजे. हाताने हलवून बघायचं, डुगडुगला तर फिरवून बसवायचा. वरचे दोन दगड आम्ही अ‍ॅक्वेरियमच्या सिलिकॉनने जोडले, पण ते आदल्या दिवशीच टाकीबाहेर, म्हणजे वाळायला वेळ मिळाला. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नका, ते माशांना विषारी असतं. वाळू सगळ्यात शेवटी, दोन बोटं जाडीची.

एक डोंगर न करता दोन केले, लहान-मोठे. डावीकडचा जवळजवळ पाण्याच्या पातळीपर्यंत, उजवीकडचा निम्मा, मध्ये वाळूची गल्ली आणि गल्लीच्या तोंडाशी एक उभा धोंडा. दोन डोंगर म्हणजे दोन नरांना दोन वतनं. मधली गल्ली ही हद्द. मागच्या काचेपासून दोन इंच जागा सोडली, नाहीतर तिथे घाण साचते आणि फिल्टरचा प्रवाह पोचत नाही. कपारी माशांपेक्षा जास्त हव्यात. प्रत्येकीला दोन तोंडं हवीत, कारण एकाच दाराची गुहा म्हणजे सापळा. मारका मासा दारात उभा राहिला की आतला संपला. आणि फरशीखाली काही फटी मुद्दाम इतक्या अरुंद ठेवल्या की दादाला आत शिरताच येऊ नये. त्या माद्यांसाठी आणि पिल्लांसाठी.

मासे परत सोडले ते दिवा बंद करून. पिवळ्याचा पत्ताच हरवला होता. सकाळी तो मोठ्या डोंगराशी नव्याने जम बसवत होता. पाठलाग थांबले नाहीत, पण वळणावर येऊन विरायला लागले. त्याच आठवड्यात आणखी एक मासा गेला. आधीचं दुखणं होतं. ती मादी मात्र फरशीखालच्या फटीत जाऊन राहिली. सोळा-सतरा दिवसांनी भाच्याने व्हिडिओ पाठवला. दगडांच्या बेचक्यात नखाएवढी पाच पिल्लं होती. भाऊजींचा आवाजही त्यात होता, “अरे, ती सहावी बघ, डावीकडे!”

पुढे कधी नवे मासे आणाल तेव्हा दगड थोडे इकडचे तिकडे करा. सगळेच नवे भाडेकरू झाले की जुन्यांचा तोरा उतरतो. एखादा नर तरीही आवरत नसेल तर काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवायचा. परत येईपर्यंत त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. त्याला पकडण्यासाठी मात्र निम्मे दगड बाहेर काढावे लागतात, त्याची तयारी ठेवा.

काही जण म्हणतात, दगडच नकोत, मासेच दाटीवाटीने भरा, गर्दीत दादागिरी चालत नाही. चालत नाही हे खरं. पण मग फिल्टर दुपटीने मोठा लागतो, पाणी सारखं बदलावं लागतं, आणि शेवाळ खरवडणारा, कपार राखणारा म्बुना काही दिसत नाही. दिसतो तो गर्दीच्या वेळच्या मेट्रोचा डबा. मला ते पटत नाही.

फ्लॉवरहॉर्न पाळणाऱ्यांनी यातलं काही करू नये. तो माणसाने संकरातून तयार केलेला मासा, डोक्यावर टेंगूळ मिरवणारा, नशीब उघडतो म्हणून लोक विकत घेतात. त्याला एकट्यालाच मोठी टाकी द्या आणि दगड अजिबात देऊ नका. डोकं आपटून घेतो.