पुण्यातला जीबीएस आणि आपल्या इंदूरचे पाणी



इंदूरच्या मराठी घरांतले कोणी ना कोणी पुण्यात असतेच. कुणाचा मुलगा नोकरीला, कुणाची लेक सासरी. त्यामुळे जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढू लागले, तेव्हा आपल्याकडेही काळजीचे फोन सुरू झाले. पुढच्या काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि काही जण दगावले. मग साथ ओसरली, बातम्या थांबल्या. पण डिसेंबर 2025 च्या अखेरीस आपल्याच शहरात भागीरथपुऱ्यात जे घडले, त्यानंतर पुण्याचा तो धडा पुन्हा वाचायला हवा.

हा आजार नेमका काय?

जीबीएस म्हणजे गुलियन बॅरे सिंड्रोम. 1916 साली फ्रान्समधील डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये पाहून त्याचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. हा मज्जातंतूंचा आजार आहे. एरवी वर्षाला लाखात एक-दोघांनाच होतो आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

मग त्याची साथ कशी आली? साथ खरे तर पोटाच्या संसर्गाची होती. पुण्यातल्या काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. तो दूषित पाणी, कच्चे दूध आणि अर्धवट शिजलेली कोंबडी यांतून पोटात जातो. बहुतेकांना चार-आठ दिवस जुलाब होतात आणि बरे वाटते. पण या जीवाणूच्या आवरणाचा काही भाग आपल्या मज्जातंतूंवरील घटकांसारखाच असतो. शरीराची संरक्षण यंत्रणा जीवाणूशी लढता लढता फसते आणि स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. असे साधारण हजार संसर्गांमागे एखाद्याच्याच बाबतीत होते. म्हणूनच एका भागात एकदम एवढे रुग्ण दिसले, याचा अर्थ तिथे पोटाचा संसर्ग फार मोठ्या प्रमाणावर पसरला असणार.

पुणे आणि भागीरथपुरा

पुण्यात सर्वाधिक रुग्ण नांदेड गाव (मराठवाड्यातले नांदेड नव्हे), किरकटवाडी, धायरी या भागांतले होते. ही गावे अलीकडच्या वर्षांत महापालिकेत आली. इमारती भराभर उभ्या राहिल्या, पण पाणी शुद्धीकरणाची व्यवस्था त्या वेगाने आली नाही. काही भागाला विहिरीचे पाणी केवळ क्लोरीन टाकून दिले जात होते.

इंदूरची गोष्ट वेगळी. 1978 पासून नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटरवरून वर चढवून आपल्याकडे आणले जाते आणि ते शुद्ध करूनच सोडले जाते. तरीही भागीरथपुऱ्यात पोलीस चौकीजवळ मुख्य वाहिनीला गळती होती. तिच्यावरच शौचालय बांधलेले आढळले. सांडपाणी नळाच्या पाण्यात मिसळले, शेकडो लोक जुलाब-उलट्यांनी आजारी पडले आणि अनेकांचे प्राण गेले. मृतांच्या आकड्यावरून प्रशासन आणि रहिवासी यांच्यात वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले.

भागीरथपुऱ्याचा मुख्य आजार पोटाचा होता, जीबीएस नव्हे. पण वाट तीच आहे. आपल्याकडे बहुतेक भागांत एक दिवसाआड पाणी येते. पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो आणि जिथे गळती असेल तिथून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. म्हणजे जलूदचे पाणी कितीही स्वच्छ असले, तरी ते आपल्या नळापर्यंत तसेच पोहोचेल याची हमी नाही. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिळवताना आपण रस्ते पाहिले. रस्त्याखालच्या वाहिन्यांना कुणी गुण दिले नाहीत.

घरात काय लक्षात ठेवावे?

जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येणे, जिना चढताना पाय न उचलणे, दोन्ही पायांतली अशक्तता वर हातांकडे सरकणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे, असे काही दिसले तर "जुलाबाने थकवा आला असेल" म्हणून घरी थांबू नका. मज्जातंतूतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठा. साधारण चौघांपैकी एका रुग्णाला काही काळ व्हेंटिलेटर लागतो, म्हणून पहिले दिवस महत्त्वाचे.

उपचार दोन आहेत: इम्युनोग्लोब्युलिनची इंजेक्शने, किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणे. दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच. साठ किलोच्या माणसाला इम्युनोग्लोब्युलिन सुमारे 120 ग्रॅम लागते, म्हणजे पाच ग्रॅमच्या 24 बाटल्या, आणि एकेक बाटली हजारो रुपयांची. त्यामुळे प्लाझ्मा बदलण्याची सोय आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. दिलासा असा की वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आपल्या पायांवर चालू लागतात.

पाणी गढूळ आले, वास आला किंवा गल्लीत एकाच वेळी अनेकांना जुलाब झाले, तर पाणी खळखळून उकळा आणि तक्रार लेखी करा. नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. ते तपासायची साधी रसायनपेटी मिळते, पाणी पिवळसर झाले की क्लोरीन आहे असे समजते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आरओ आहे. पण घरी कामाला येणाऱ्या मावशींकडे, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर, मुलांच्या शाळेच्या टाकीत तो असेलच असे नाही. यंत्र घरापुरते आहे, वाहिनी मात्र सगळ्यांची एकच आहे. म्हणून आपल्या प्रभागातल्या पाण्याची तपासणी कधी झाली आणि त्यात काय निघाले, हा प्रश्न नगरसेवकांना दर महिन्याला विचारायला हवा. भागीरथपुऱ्यातले लोक तक्रार करत होते. त्यांच्या आवाजात इतर वस्त्यांचाही आवाज असता, तर कदाचित तो वेळेवर ऐकला गेला असता.