विश्लेषण : एरंडेल तेलाच्या फोमला उसाच्या बगॅसचा आधार मिळेल?

माळशिरस तालुक्यात दूध शीतकरण केंद्र असो की डाळिंबाचे शीतगृह, गारवा टिकवण्याचे काम भिंतीतला पिवळसर फोम करतो. हा ‘पफ’ म्हणजे पॉलियुरेथेन. तो फुगवणारे एचसीएफसी-१४१बी हे ओझोनला घातक रसायन भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद झाले. पण फोमचा मूळ माल अजून खनिज तेलातूनच येतो. त्याजागी वनस्पती तेल आणि नॅनोकण वापरण्याचे प्रयोग जगभर सुरू आहेत.

वनस्पती तेल कुठे कमी पडते?

पॉलिऑल आणि आयसोसायनेट हे दोन द्रव मिसळले की फोम तयार होतो. एरंडेल तेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असते, त्यामुळे पॉलिऑलला लागणारे हायड्रॉक्सिल गट त्यात उपजतच असतात. सोयाबीन, करडईच्या तेलात ते प्रक्रिया करून जोडावे लागतात. अडचण अशी, की एरंडेलाचा हायड्रॉक्सिल अंक साधारण १६० आणि कडक फोमला लागतो ३०० ते ५००. म्हणून फोम मऊ पडतो. सीटसाठी तो चालतो; फोर्डने २००८च्या मस्टँगमध्ये सोयाबीन तेलाचा फोम वापरला होता. शीतगृहाच्या भिंतीला मात्र ताठपणा हवा.

नॅनोकण काय करतात?

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चिकणमाती, सिलिका किंवा सेल्युलोजचे असे कण वजनाच्या १ ते ३ टक्के घातले, की त्यांच्याभोवती बुडबुडे धरतात. बुडबुडे वाढतात, बारीक होतात, त्यांच्या भिंती ताठ होतात आणि उष्णता सहज पार होत नाही. प्रमाण वाढवले तर उलटेच घडते. पिठल्यात बेसन एकदम टाकल्यावर होतात तशा गुठळ्या होतात, मिश्रण दाटते, फोम ठिसूळ होतो. प्रयोगशाळेतल्या भांड्यात कण सारखे पसरवणे जमते, कारखान्यातल्या पिंपात तेच अवघड.

मग बगॅसचे काय?

कोरड्या बगॅसमध्ये ४० ते ५० टक्के सेल्युलोज असते. मुंबईच्या ‘सिरकॉट’ संस्थेत २०१५ मध्ये नॅनोसेल्युलोजचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला, तो कापसावर आधारित. पण बगॅस फुकट पडलेले नाही. कारखाने ते जाळून वीज करतात. त्यातून नॅनोसेल्युलोज काढायला आम्ल आणि भरपूर पाणी लागते. कण नीट वाळले नाहीत तर आयसोसायनेट त्यातल्या ओलाव्यावरच खर्ची पडते.

शेतकऱ्याला काय मिळेल?

राज्याच्या २०१३च्या ऊसदर कायद्यात साखर, बगॅस, मळी, प्रेसमड यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उत्पादकाचा आहे. उद्या बगॅसपासून महाग माल निघाला तर त्याचा नफा या हिशेबात धरणार का, हे प्रकल्पाची घोषणा होण्याआधीच विचारायला हवे. तेलाचे म्हणाल, तर एरंडी मुख्यतः गुजरातची. करडई, सोयाबीन फोमकडे वळवणे परवडणार नाही, कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक आयात होते.

‘बायो’ लिहिलेल्या फोममध्येही आयसोसायनेट बहुधा खनिज तेलाचेच असते. पॅनेल घेताना उष्णतावाहकता आणि दाब सोसण्याची ताकद यांचा चाचणी अहवाल मागावा. चांगल्या पफची वाहकता ०.०२२ ते ०.०२८ वॅट प्रति मीटर-केल्विन असते.