सेवा दोन दिवसांची, सर्टिफिकेट जन्माचं

सध्या एक नवीन फॅड निघालंय. आपल्या वेळी शाळेची सहल म्हटली की एस.टी.ची लाल गाडी, चिखलदरा नाहीतर शेगाव, आणि फारच झालं तर अजिंठा-वेरूळ. डब्यात पोळी-भाजी, सोबत ठेचा, आणि सरांनी डोकी मोजून मोजून गाडीत बसवायचं. आता शाळेची सहल विमानाने जाते. आणि तीही नुसती सहल नव्हे बरं का, 'सेवा-सहल'!

माझी चुलत बहीण नववीत आहे. तिच्या शाळेतून मध्यंतरी एक गुळगुळीत कागदाचं रंगीत पत्रक घरी आलं. कंबोडिया, आठ दिवस. अंगकोर वाटची देवळं, बोटीतून फेरफटका, बाजारात खरेदी आणि मधले दोन दिवस 'समाजसेवा'. समाजसेवेत काय, तर एका खेड्यातल्या शाळेच्या भिंती रंगवायच्या, एका अनाथाश्रमात जाऊन मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि त्यांच्यासोबत नाचायचं. शेवटी सर्टिफिकेट. खाली बारीक अक्षरात खर्चाचा आकडा होता. तो काकांनी चष्मा पुसून परत एकदा वाचला. तरी काका नाही म्हणाले नाहीत. "एफ.डी. मोडू, पण पोरीला जग दिसलं पाहिजे," हे त्यांचं म्हणणं. आणि पोरगी मला विचारते, "दादा, जाऊ का?"

हॉस्टेलवर मेसमध्ये हा विषय काढला तर लगेच दोन पार्ट्या पडल्या. पहिली पार्टी म्हणाली, "अबे, जाऊ दे ना तिले! तुह्या बापाचं काय जाते?" दुसरी म्हणाली, "सगळे नाटकं आहेत बाप्पा. फोटो काढाले जातात लेकाचे." मला यातलं कोणतंच पूर्ण पटलं नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी एक गोष्ट मान्य करू. परदेशात जाण्यात वाईट काहीच नाही. आपल्या अमरावतीतून पोरं समुद्रापार जाऊ लागली त्यालाही जमाना झाला. आपलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. या मंडळाचं पथक 1936 साली, ऑलिंपिकच्या वेळी, थेट बर्लिनला गेलं होतं. तिथे त्यांनी कबड्डी आणि आपल्या इतर देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. तेव्हा ना मोबाइल, ना नेट, वर इंग्रजांचं राज्य! पण ही माणसं तिथे कोणाचं भलं करायला गेली नव्हती. आपल्याजवळ जे होतं आणि जे वर्षानुवर्षं आखाड्यात घाम गाळून कमावलं होतं, ते दाखवायला गेली होती. तिथलं पाहायला गेली होती. असं जाणं सरळ असतं. देणारा-घेणारा दोघेही बरोबरीचे असतात.

सेवा-सहलीत नेमकी हीच बरोबरी बिघडते. आता जरा इंजिनीअरच्या डोक्याने विचार करा. कंबोडियात पेंटर मिळत नाही का? नववीची पोरगी, जिने घरी आपल्या खोलीच्या भिंतीला कधी ब्रश लावला नाही, ती हजारो किलोमीटर उडून जाऊन तिथली भिंत रंगवणार! धरा की माणशी सव्वा लाख रुपये आणि चाळीस मुलं. झाले पन्नास लाख. त्या पैशात तिथल्या पेंटरला मजुरी देऊन किती शाळा रंगून निघतील, हे गणित आपल्या फर्स्ट इयरच्या पोरालाही जमेल. पण मग फोटो कोणाचा काढायचा?

इंग्रजी शिकवण्याचंही तसंच. दोन दिवसांत ए-बी-सी-डी आणि एक गाणं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या देशाची पोरं येतात, पुन्हा ए-बी-सी-डी, पुन्हा तेच गाणं. ती बिचारी मुलं वर्षभर पहिल्या धड्यावरच!

इथपर्यंत निदान हसता तरी येतं. अनाथाश्रमाच्या बाबतीत हसूही येत नाही. कंबोडियात 2005 ते 2010 या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या साधारण 75 टक्क्यांनी वाढली. तेवढे आईबाप मेले का? नाही. 2011 च्या सुमारास युनिसेफ आणि तिथल्या सरकारने पाहणी केली तेव्हा दिसलं, की आश्रमातल्या दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा वडील जिवंत आहेत. पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून मुलं गोळा केली जातात. गावात जाऊन गरीब आईबापाला सांगायचं, "पोराला शिकवतो, जेवू घालतो," आणि पोरगं आश्रमात. म्हणजे मागणी आहे म्हणून पुरवठा तयार होतो. 'मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हेत' अशा अर्थाची मोहीम 2011 साली खुद्द कंबोडियातच सुरू झाली. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली गेली. शाळेतल्या मॅडमना आणि काकांना यातलं काही माहीत नाही. त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण लोड किती आहे हे न बघता चांगल्या हेतूने बांधलेला पूलही पडतोच.

आता कोणी म्हणेल, कंबोडियाचं तुला काय पडलंय? पडलंय, कारण आपण वऱ्हाडातले लोक या धंद्याच्या दुसऱ्या बाजूलाही आहोत. आपला मेळघाट! धारणी-चिखलदऱ्याचं कुपोषण पेपरात आलं की गाड्या सुरू होतात. कोणी बिस्किटं वाटतं, कोणी चॉकलेट. कोणी गाठोडंभर जुने कपडे आणतं, त्यात फाटक्या जीन्स आणि एका पायाचे मोजे. कोरकू बाईला रांगेत उभं करून साडी देतानाचा फोटो निघतो. मग सेमाडोहला जंगल सफारी, वाघ नाही दिसला म्हणून हळहळ, वरून चिखलदऱ्याला भीमकुंड पाहून, कॉफी पिऊन परत. त्या बाईचं नाव काय, तिला साडी पाहिजे होती की दवाखान्यापर्यंत गाडी, हे कोणी विचारत नाही. कंबोडियातल्या त्या खेड्याला कसं वाटत असेल ते पाहायला विमान कशाला पाहिजे? परतवाड्याहून एस.टी.त बसलं तरी दिसते.

मग काय, बाहेरच्याने यायचंच नाही का? असंही नाही. त्याच मेळघाटात दुसरं उदाहरण आहे. पुण्याच्या 'मैत्री' या संस्थेने 1997 साली तिथे 'धडक मोहीम' सुरू केली. वेळ कोणती निवडली, तर पावसाळा. रस्ते वाहून जातात, ताप-जुलाब वाढतात, लहान मुलं दगावण्याची भीती सगळ्यात जास्त असते, आणि फिरायला कोणी येत नाही, ते दिवस. स्वयंसेवक दहा-दहा दिवसांसाठी येतात. घरोघर फिरायचं, आजारी पोर दिसलं की सांगायचं, आईला समजावून आरोग्य केंद्रापर्यंत न्यायचं. दहा दिवस म्हणजे काही फार नाहीत, तीही दोन रविवारांमधली सुटीच. पण एक तुकडी निघाली की दुसरी हजर. रिले रेसमध्ये बॅटन देतात तसं काम पुढे जातं. एकेका माणसाचे दिवस थोडे असले तरी गावाच्या वाट्याला सलग शंभर दिवस येतात. सेवा-सहलीत आणि धडक मोहिमेत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

दुसरं उदाहरण बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांचं. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली ते आपण सगळ्यांनी वाचलंच. डॉक्टर दवाखाना चालवायला गेले. पण लोकांनी विचारलं ते पिकाच्या रोगाबद्दल, गाई-बैलांच्या दुखण्याबद्दल. डॉक्टरांनी "हे माझ्या सिलॅबसमध्ये नाही" असं म्हटलं नाही, ते शिकून घेतलं. प्रश्न गावाने काढायचा, पेपर आपण सोडवायचा. आपण उलटं करतो. पेपर आपणच काढतो, सोडवतोही आपणच आणि मार्क द्यायला गावकऱ्यांना टाळ्या वाजवायला लावतो.

परदेशातून येऊन चांगलं काम करून गेलेलेही आहेत. 1950 च्या दशकात बाबा आमटे यांच्या आनंदवनात 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' या संस्थेचे वेगवेगळ्या देशांतले तरुण येऊन राहिले, त्यांनी बांधकामं केली. ते कुष्ठरोग्यांसोबत राबले, त्यांच्या हातचं जेवले. तेव्हा तिथली भाजी विकत घ्यायला गावचे लोक भीत. या पोरांना जेवताना पाहून ती भीती कमी झाली असं सांगतात. म्हणजे विटा रचण्यापेक्षा पंगतीला बसण्याची किंमत जास्त ठरली. पण ते दोन दिवस हजेरी लावून पुढच्या बाजाराला गेले असते तर हे झालं असतं का?

आणि अगदी एका दिवसाचं कामही वाया जात नाही, जर मागची तयारी गावाची असेल तर. पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा 2016 मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या तीन तालुक्यांत आपला वरुड होता. 2018 च्या 1 मे रोजी शहरातली हजारो माणसं कुदळ-फावडं घ्यायला खेड्यांत गेली. सकाळी उन्हं तापायच्या आत काम. पण चर कुठे खोदायचा, किती खोल, हे पाहुण्यांनी ठरवलं नाही. गावातल्या लोकांनी आधी प्रशिक्षण घेतलं होतं, उतार मोजला होता, चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. पाहुणा फक्त रेघेवर खोदत होता. इंजिनीअर गावचा, मजूर शहरचा! मला तर ही कल्पनाच लय आवडते.

तर बहिणीला मी सांगितलं ते असं: जायचं असेल तर जा. अंगकोर वाट डोळे भरून पाहा, तिथल्या माणसांचं जेवण जेव, हॉटेलवाल्याला, रिक्षावाल्याला त्याचा पूर्ण पैसा दे. मोकळ्या मनाने सहल म्हणून जा. फक्त त्या अनाथाश्रमात जाऊ नको, आणि का जात नाही ते मॅडमना नीट सांग. भिंत रंगवायचीच असेल तर दिवाळीत घरी ये, आजीच्या स्वयंपाकघराची बाकी आहे. ती जरा चिडली. पण तिने मॅडमना विचारलं म्हणे, "मॅम, आपण गेल्यावर त्या मुलांना पुढे कोण शिकवणार?" मॅडमने चौकशी करून सांगते म्हटलंय. माझ्या मते सर्टिफिकेटपेक्षा हा प्रश्न मोठा.

आता जरा आपल्याकडे वळू. बोट दुसऱ्याकडे दाखवणं सोपं असतं. आपलं एन.एस.एस. 1969 पासूनचं, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षातलं. नियमाने दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर. आपण काय करतो? दरवर्षी गाव बदलतो. पहिल्या दिवशी उद्घाटन, दुसऱ्या दिवशी प्रभातफेरी, तिसऱ्या दिवशी झाडं लावतो, चौथ्या दिवशी सर्व्हे. ती झाडं जगली का ते पाहायला परत कोण गेलं? सर्व्हेचे फॉर्म कुठे आहेत? कपाटात. म्हणजे आपणही देशी कंबोडियाच करतोय, फक्त पासपोर्ट लागत नाही. आणि यंदाचं शिबिर चिखलदऱ्याकडे घ्यावं, म्हणजे फिरणंही होईल, असं घाटतंय म्हणे!

माझी सूचना साधी आहे. प्रोग्रॅम ऑफिसर सरांनी आणि रेक्टर सरांनी विचार करावा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्या हॉस्टेलवरच्या कित्येकांचं घर आहे. अकोट, तेल्हारा, दर्यापूरकडच्या पोरांना विचारा. विहिरीचं पाणी खारट, तोंडात धरवत नाही. वान धरणावरच्या 84 खेडी योजनेसारखी नळाची योजना आहे तोवर ठीक, पाइप फुटला की पुन्हा हंडे. असं एकच गाव घ्यायचं. चार वर्षांसाठी. दरवर्षी नवीन बॅच, पण गाव तेच आणि वही तीच. सिव्हिलवाले गळक्या लाइनचा नकाशा काढतील, केमिकलवाले महिन्याला पाण्याचा टी.डी.एस. मोजून लिहितील, इलेक्ट्रिकलवाले पंपाचं बघतील. शाळेच्या छपराचं पावसाचं पाणी टाकीत घेता येतं का ते पाहता येईल. पण पहिल्या वर्षी यातलं काहीच करायचं नाही, नुसतं ऐकायचं. गाव म्हणालं, "पाण्याचं आमी पाहू, तुमी पोराईले गणित शिकवा", तर गणित शिकवायचं. आणि चिखलदऱ्याची ट्रिप? तीही काढू, जोरात काढू! पण तिला ट्रिपच म्हणू.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घेऊन नाली झाडत, मग रात्री कीर्तन. पूर्णेकाठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधला, धर्मशाळा तर कितीतरी उभ्या केल्या. स्वतःसाठी झोपडीही ठेवली नाही. आपल्या डिग्रीवर त्यांचं नाव छापलेलं असतं. आपलं खरं सर्टिफिकेट तेच आहे. ते मिळवल्यासारखं वागायचं की नाही, एवढं यंदाच्या शिबिराचं गाव ठरवताना सगळ्यांनी बोलून घ्यावं. मीटिंग नोटीस बोर्डावर लागेलच. मेसच्या भाजीवर भांडायला जेवढे येता, तेवढे तरी या!