सुट्टीची तारीख आधी सांगा!

मंडळी, स्मरणिका म्हटली की आठवणी, कविता, पाककृती आल्याच. मी मात्र यंदा एक तक्रार घेऊन आलो आहे. ती शाळेच्या सुट्टीबद्दल आहे आणि ती एकट्या माझी नाही.

अदलियात आमच्या एकाच इमारतीतली मुले तीन भारतीय शाळांत जातात. माझीच दोन मुले दोन शाळांत आहेत. गेल्या वर्षी थोरलीची शाळा आधी बंद झाली, धाकट्याची चार दिवसांनी. उघडतानाही थोरलीची आधी उघडली. सुट्टी दोघांनाही सारखीच मिळाली, पण घराची सुट्टी धाकट्याची शाळा बंद झाल्यावर सुरू झाली आणि थोरलीची उघडली तेव्हा संपली. कागदावर कोणाचाच दिवस कमी झाला नाही. आमचा मात्र आठवडा गेला. त्यातून एका शाळेच्या तारखा पक्क्या कळल्या तेव्हा एप्रिल सरत आला होता.

आठवड्याने असे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे जरा उशिरा. आपली मुले जुलैत पोहोचतात तेव्हा आंबे संपलेले आणि चुलत-मावस भावंडे दप्तर घेऊन शाळेत गेलेली. उरतात ते रविवार. इथला जुलै-ऑगस्टचा उन्हाळा पाहता सुट्टी मे महिन्यात द्या, असे मी म्हणणार नाही. पण जी मिळते ती तरी धड मिळावी! २०१२च्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरदाराला वर्षाला ३० दिवसांची रजा. ती साहेबांकडे वेळेवर मागावी लागते, तिकिटे भाव चढण्याआधी काढावी लागतात. आणि आजी डिसेंबरपासून फोनवर विचारते, "कधी येताय?" तिला काय सांगायचे?

आपल्याकडे महाराष्ट्रात सरकारी कारभाराला नावे ठेवायची सवय आहे. पण तिथे सुट्ट्यांचे परिपत्रक निघते, ते राज्यभरच्या शाळांमध्ये सुसंगती राहावी म्हणूनच. वर्षाच्या एकूण सुट्ट्या ७६ दिवसांच्या वर जाऊ नयेत, हा दंडक. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी थोडी कमी करून गणपतीला किंवा नाताळला द्यायची असेल तर जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. म्हणजे मोकळीकही आहे आणि कोणीतरी सगळ्यांकडे एकत्र बघणाराही आहे.

बहरीन तर जेमतेम ८०० चौरस किलोमीटरचा देश, रत्नागिरी जिल्ह्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. खासगी शाळांसाठी १९९८चा कायदा आहे, वर शिक्षण मंत्रालय आहे. २००६ साली साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली, ती १ सप्टेंबरपासून, एका निर्णयाने. वार बदलता येतात, तर मूठभर शाळांच्या दोन तारखा जुळवता येणार नाहीत?

कोणी म्हणेल, तारखा वेगळ्या असल्या तर विमानातली गर्दी विभागली जाते. जर्मनीत तेच करतात. १६ राज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या मुद्दाम पुढेमागे ठेवतात, म्हणजे रस्त्यांवर एकदम झुंबड उडत नाही. फ्रान्समध्येही हिवाळी आणि वसंतातल्या सुट्टीसाठी देशाचे तीन विभाग केले आहेत. पण तिथे तारखा वेगळ्या असतात त्या ठरवून, आणि जर्मनीत तर त्या कित्येक वर्षे आधी जाहीर होतात. आपल्याकडे त्या वेगळ्या होतात, कारण कोणी कोणाला विचारतच नाही. चार दिवसांच्या फरकाने तिकीट स्वस्त होत नाही, फक्त भावंडांची ताटातूट होते.

दुसरा आक्षेप चंद्राचा. ईद चंद्र दिसल्यावर ठरते, मग तारखा आधी कशा सांगणार? अहो, ईदचा प्रश्न एखाद्या दिवसाचा. त्यासाठी उन्हाळ्याची तारीख कशाला अडायला हवी? आणि चंद्राचे गणित आपल्याला का नवीन आहे? दिवाळी कधी हे भिंतीवरचे 'कालनिर्णय' वर्षभर आधी सांगतेच की!

तिसरे उत्तर शाळा देतात: "आमची शाळा स्वतंत्र आहे." जरूर असावी. शिकवायचे कसे, गणवेश कोणता, स्नेहसंमेलन कधी, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण सुट्टीची तारीख शाळेच्या फाटकाच्या आत राहत नाही. ती आईवडिलांच्या रजेपर्यंत आणि गावाकडच्या घरापर्यंत जाते. जिचा परिणाम सगळ्यांवर होतो ती गोष्ट एकट्याने ठरवणे, याला स्वातंत्र्य म्हणत नाहीत.

मागणी साधी आहे. भारतीय शाळांच्या व्यवस्थापनांनी दरवर्षी नोव्हेंबरात एकदा एकत्र बसावे. उन्हाळ्याची सुट्टी कधी लागणार, शाळा कधी उघडणार आणि डिसेंबरची सुट्टी कधी, एवढेच एकमताने ठरवावे आणि एप्रिलपासूनच्या वर्षाच्या तारखा ३१ डिसेंबरपूर्वी जाहीर कराव्यात. याला पैसा लागत नाही, जागा लागत नाही. लागते ती एक बैठक आणि थोडी इच्छा.

आणि आपण पालकांनी काय करायचे? जिन्यात कुरकुर करून भागणार नाही. पालकसभेत फीचा विषय निघाला की आपण तावातावाने बोलतो, तसे एकदा तारखांवर बोलू या. जिथे कार्यकारिणी पालकांच्या मतांवर निवडून येते, तिथे मत मागायला येणाऱ्याला हाच प्रश्न आधी विचारू या. येत्या नोव्हेंबरच्या आत प्रत्येक शाळेकडे पालकांच्या सह्यांचे एक पत्र गेले पाहिजे. पहिली सही माझी.